वनमालेचं कपाट

बाळा मेस्त्रींकडे कुणी कपाट सांगायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घाई किती आहे?" समोरचा म्हणाला की महिन्याभरात हवंय, तर ते सरळ हात जोडायचे. "मग दुसरो सुतार बघा. रागावू नकात."

मुलुंडला आमच्या बिऱ्हाडाच्या मागच्या अंगाला त्यांची शेड होती. मंगलोरी कौलं, तीन बाजूंनी उघडी, आणि आत अर्ध्याहून जास्त जागा वाळत घातलेल्या लाकडानं अडवलेली. खाली दगड, दगडांवर फळी, फळीवर बोटभर जाडीच्या पट्ट्या, त्यावर पुन्हा फळी, अशी छातीएवढी उंच थप्पी. सगळ्यात वर दाबाला धोंडे. फळ्यांच्या दोन्ही तोंडांना शेणमाती लिंपलेली, म्हणजे तोंडाकडून लाकूड झटकन सुकून फुटायला नको. ऊन लागू द्यायचं नाही, पाऊस लागू द्यायचा नाही, फक्त वारा. इंचभर जाडीला एक वर्ष, हा त्यांचा हिशेब, आणि मनाची खात्री व्हायला आणखी एक.

याचं कारण त्यांनी माझ्या बाबांना एकदा सांगितलं होतं. गावी, मालवणच्या बाजूला, एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी एका घराला ओल्या लाकडाचं दार बसवलं. चार महिन्यांत ते पापडासारखं वळलं. त्यांच्या वडिलांनी कुऱ्हाड आणली, वाडीतल्या लोकांसमोर ते दार फोडलं आणि स्वतः नवं करून दिलं. मुलाला एक शब्द बोलले नाहीत. "त्येनी मारल्यानी असतां तर बरां झालां असतां," मेस्त्री म्हणायचे. पुढे मुंबईला येऊन अकरा वर्षं त्यांनी परळच्या एका गिरणीत सुतारकी केली, मग मुलुंडला स्वतःचं काम सुरू केलं. त्यांच्या कपाटाचं दार भर आषाढात एका बोटानं उघडायचं. लोक त्यासाठी थांबायचे.

त्यांना एकच मुलगी, वनमाला. ती माझ्याच वयाची. शाळा तिनं सातवीनंतर सोडली, पण संध्याकाळी आम्ही शेडच्या कडेला बसलेल्या असायचो. पंधरा दिवसांनी फळ्या उलटायच्या असल्या की एका टोकाला मेस्त्री आणि दुसऱ्या टोकाला ती. अंगानं बारीक, पण फळी अशी उचलायची की मेस्त्री म्हणायचे, "सावकाश गो बाये, बाप म्हातारो झालो."

त्रेपन्न सालच्या जानेवारीत आमच्या घरमालकांनी आवारातला फणस तोडायला काढला. त्यांना तिथे दुसरं घर बांधायचं होतं. मेस्त्रींनी त्यांना अमावास्येपर्यंत थांबवलं, कारण अंधाऱ्या पाखात तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असं त्यांचं मत. मग दोन करवतवाले आणून चार दिवस बुंध्याच्या फळ्या पाडून घेतल्या. बावीस फळ्या, हळदीसारख्या पिवळ्या. हात लावला तर ओल तळव्याला लागायची. सुगंधाकाकू, म्हणजे मेस्त्रींची बायको, बघायला आल्या तेव्हा मेस्त्री वनमालेकडे बघून म्हणाले, "ह्यां चेडवाचां कपाट."

फाल्गुनात वनमालेचं लग्न ठरलं. मुलगा चंद्रप्रकाश, गोरेगावला एका कारखान्यात फिटर. आईवडील, एक धाकटा भाऊ, विहिरीकाठचं बैठं घर. बोलणी झाली त्या दिवशी मेस्त्रींनी आपणहून सांगितलं, "कपाट मी देणार. पण लाकूड वाळल्यावर. दुसऱ्या दिवाळीपर्यंत थांबावं लागेल."

मुलाचे वडील म्हणाले, "थांबू की! आम्ही काय कपाटाशी लग्न लावतोय?" सगळे हसले. मेस्त्रीही हसले.

माझ्या बाबांना ते पटलं नव्हतं. लग्नाआधी ते एकदा शेडमध्ये जाऊन म्हणाले, "मेस्त्री, ठाण्याच्या वखारीतून वाळलेलं सागवान आणा आणि देऊन टाका ना आत्ताच."

"वाळलेलं असं ते म्हणतात, श्यामकांतराव. मी म्हणत नाय."

वैशाखात लग्न झालं आणि वनमाला गोरेगावला गेली. मुलुंडहून गोरेगाव म्हणजे तेव्हा आम्हाला परगावच वाटायचं. दादरला गाडी बदलून जाण्यात अर्धा दिवस मोडायचा. सणावारीच गाठ पडायची.

दिवाळसणाला ती नवऱ्याबरोबर आली. पाडव्याच्या सकाळी तिनं मेस्त्रींना विचारलं, "बाबा, कपाट लवकर नाही का होणार?" मेस्त्रींना कौतुकच वाटलं. त्यांनी जावयाला शेडमध्ये नेऊन थप्पी दाखवली, वारा कुठून येतो, पट्ट्या एकाखाली एक का हव्यात, हे समजावलं. चंद्रप्रकाश मान हलवत राहिला.

शिमग्याला ती एकटीच आली, दोन दिवसांसाठी. दुपारी आम्ही शेडमध्ये बसलो होतो. मला तिच्या लुगड्याला एक वास आला, गोणपाटाचा, तांदळाच्या कोंड्याचा. मी हसून म्हटलं, "काय गं, तांदळाच्या गोणीत झोपतेस की काय?"

"तसंच काहीतरी," ती म्हणाली.

मग उठून मेस्त्रींच्या जवळ गेली. ते वरचे धोंडे उतरवत होते.

"बाबा, एक विचारू? ह्याच लाकडाचं आत्ता केलं तर काय होईल?"

"दारं वाकतील."

"वाकू देत."

मेस्त्रींच्या हातात धोंडा तसाच राहिला. "काय म्हणालंस?"

"वाकली तर वाकू देत ना. कपाट दिसलं म्हणजे झालं. त्यांना कुठे कळतंय ओलं-सुकं."

मेस्त्रींनी धोंडा खाली ठेवला आणि तिचा हात धरून तिच्या बोटांची पेरं फळीवर आपटली. "आयक. काय सांगता ह्यां?"

"आतून अजून ओलं आहे," वनमाला म्हणाली. तिला तो आवाज लहानपणापासून ओळखता येत होता.

"मगे? लोकांक मी वर्स वर्स थांबवतंय, आणि माझ्या पोरीक वलां लाकूड देव? येक पावसाळो, बाये. येवढोच."

तिनं हात सोडवून घेतला. मग "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन फळी उचलायला वाकली. त्या दोघांनी बावीसच्या बावीस फळ्या उलटल्या.

संध्याकाळी मी तिला स्टेशनवर सोडायला गेले. वाटेत विचारलं, "कसं चाललंय तिकडे?"

"झकास."

"सासू बोलते?"

"बोलते. तुझी काय नाही बोलायची?" ती हसली. मीही हसले आणि पुढे काही विचारलं नाही.

आषाढात एका दुपारी गोरेगावहून माणूस आला. वनमाला सकाळी पाणी काढताना विहिरीत पडली होती. वर काढली तेव्हा जीव नव्हता. मेस्त्री आणि सुगंधाकाकू तसेच अंगावरच्या कपड्यांनी निघाले, माझे बाबा सोबत गेले. सासरचे म्हणाले, शेवाळ होतं, पाय घसरला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. मेस्त्रींनी वाद घातला नाही. सगळं आटोपून परत आले तेव्हा त्यांच्या पायात वहाणा नव्हत्या. कुठे राहिल्या ते त्यांना सांगता येईना.

बाराव्या दिवशी जानकीबाई नावाची एक बाई आली. गोरेगावला वनमालेच्या शेजारच्या घरात राहायची. बरोबर तिनं एक गोणपाटाची पिशवी आणली होती. तांदळाची गोणच ती, तोंडाला सुतळी बांधलेली. आत आठ लुगडी होती, नीट घड्या घातलेली.

"पोरीचे कपडे. म्हटलं आईकडे असावेत," ती म्हणाली. सुगंधाकाकूंनी गोण मांडीवर घेतली. मी आणि माझी आई तिथेच होतो.

"ह्यात कशाला भरलंत?" आईनं विचारलं.

"मी नाही हो भरले. ह्यातच असायचे." जानकीबाई पदर तोंडाशी नेऊन हळूहळू सांगत गेली. "आल्या दिवसापासून. सासू आपल्या कपाटात ठेवू देईना. खुंटीवर टाकले तर काढून फेकायची. म्हणायची, तुझं कपाट येईल ना, तेव्हा त्यात ठेव. ही गोण खाटेखाली असायची. मग खाटेखाली उंदीर, म्हणून ती रोज उशाला घेऊन झोपायची. कुणी पाहुणं आलं की सासू मोठ्यानं सांगायची, आमच्या सुनेचं कपाट अजून झाडावर आहे. मग सगळी हसायची. रोज तेच, बाई. मारलं नाही कधी कुणी, उपाशी ठेवलं नाही. पण रोज तेच."

मेस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

पाय घसरला की दुसरं काही, ते कुणालाच ठाऊक नाही. जानकीबाईंनाही नव्हतं. मला मात्र त्या रात्रीपासून तो कोंड्याचा वास आठवायला लागला, आणि मी तिला हसले होते ते.

तेराव्याला माणसं गेल्यावर सुगंधाकाकू नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुमचां लाकूड सुकलां काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या शेडमध्ये गेल्या. थप्पीवरचे धोंडे एकेक करून खाली ढकलले आणि सगळ्यात वरची फळी ओढत न्हाणीच्या चुलीपाशी नेली. कोयत्यानं ती फोडायला लागल्या. फणसाची इंचभर जाड फळी कोयत्यानं फुटते थोडीच! त्यांचा तळवा कापला, तरी थांबेनात. आई धावत गेली तर म्हणाल्या, "पाणी तापवूचां असा." मेस्त्री ओटीवर बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मेस्त्री उठले, करवत घेतली आणि त्या फळीचे चुलीत मावतील असे तुकडे करून बायकोच्या बाजूला ठेवले. तिनं ते उचलून चुलीत घातले.

मग रोज सकाळी आधी करवतीचा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं धूर. एक फळी पाच-सहा दिवस पुरायची, मार्गशीर्षापर्यंत ते चाललं. लाकूड उत्तम वाळलं होतं, धूर फारसा होत नसे. त्या पाण्यानं मेस्त्री रोज आंघोळ करायचे.

पौषात घाटकोपरहून एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलीचं, रत्नप्रभेचं, लग्न ठरलं होतं. मेस्त्रींची ख्याती ऐकून आले होते आणि येतानाच वरमले होते. "मेस्त्री, तुम्ही थांबायला लावता हे ठाऊक आहे, पण—"

"लग्न कधी?"

"तीन आठवड्यांनी."

"देतंय," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी वखारीतून मिळालं ते लाकूड आणलं. माझे बाबा बघायला गेले. फळीवर हात ठेवताच म्हणाले, "अहो, हे ओलं आहे."

"होय."

"मग?"

"मग काय नाय."

मुलगी सासरी गेली त्याच दिवशी कपाट पोचलं. पावसाळ्यात त्याची दारं फुगली आणि अडकून बसली. पण तक्रार यायच्या आत मेस्त्री स्वतःच पिशवीत रंधा आणि पटाशी घालून रत्नप्रभेच्या सासरी गेले आणि दार तासून आले.

तेव्हापासून लग्नाचं कपाट म्हटलं की ते नाही म्हणेनात. आठ दिवसांत हवंय? देतो. ओल्याचं होईल, दारं वाकतील, मी येऊन नीट करून देईन, असं आधीच सांगायचे. बाकी कामं हळूहळू तुटली. ज्या कंत्राटदारानं पूर्वी त्यांच्यासाठी वर्षभर वाट बघितली होती, तो रस्त्यात माझ्या बाबांना म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात गेला हो. मुलीनंतर वाट लागली." ते खरं नव्हतं. हात तसाच होता. नव्या कपाटाची सांध दोन महिन्यांत उघडणार हे त्यांना आधीच दिसायचं. मी त्यांना पाहिलंय, तयार कपाटाच्या सांधीवरून अंगठा फिरवताना. मध्येच हात काढून घ्यायचे आणि पाठ फिरवून चहा प्यायचे. चूक करणं त्यांना येत नव्हतं, ते शिकत होते.

रविवारी पिशवी घेऊन बाहेर पडायचे. कुर्ला, विक्रोळी, ठाणं. सुगंधाकाकू त्यांना कुठे जाता म्हणून विचारायच्या नाहीत. त्या घरात विचारणंच बंद झालं होतं. जेवण वाढलं जायचं, ते जेवायचे.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात माझं लग्न झालं. आई म्हणाली, "मेस्त्रींकडून कपाट नको. दार वाकेल." बाबा म्हणाले, "वाकू दे." मी अंधेरीला आले. नवरा विद्याधर पोस्टात होता, सासूबाई तोंडानं फटकळ पण मनाच्या वाईट नाहीत. आषाढात व्हायचं तेच झालं. दाराचा वरचा कोपरा अडकायला लागला, मी ओढायची तेव्हा सगळं कपाट पुढे यायचं. सासूबाई म्हणाल्या, "काय गं कुंदा, कसला सुतार शोधला तुझ्या वडिलांनी?"

त्याच रविवारी दुपारी मेस्त्रीकाका दारात उभे. छत्री, पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल. सासूबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाले, "चूक माझी हा. लाकूड वलां होतां. पोरीक बोलू नकात."

सासूबाई एकदम मवाळ झाल्या. "बसा तरी आधी," म्हणत चहा टाकायला आत गेल्या.

"उघड बघू," ते मला म्हणाले. मी जोर लावून दार उघडलं. त्यांनी दाराकडे बघितलंच नाही. आत बघितलं. माझी लुगडी, परकर, खालच्या खणात विद्याधरचे सदरे.

"सगळे कपडे हयच रवतत मां? भायर कायएक नाय?"

"नाही काका. सगळं आतच आहे."

"बरां," ते म्हणाले आणि मग कुठे त्यांनी रंधा काढला. दार बिजागरीतून उतरवून भिंतीला टेकवलं आणि वरची कड तासायला घेतली. ओल्या लाकडाची छिलपं जाड निघतात, कुरकुरत नाहीत. बराच वेळ झाला. हात न थांबवता, माझ्याकडे न बघता ते बोलले.

"ती दोनदा बोल्ली, कुंदा. दोन्ही वेळा मी लाकडाबद्दलच बोललंय. तिका इचारूक नाय, की बाये, तुका घाई कित्याक."

मला राहवलं नाही. तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. "काका, शिमग्याला तिच्या लुगड्याला गोणपाटाचा वास येत होता. मला आला होता. मी तिला हसले."

रंधा थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे उठून जातील. मग म्हणाले, "तू ल्हान होतंस गो."

"एकोणीस वर्षांची होते."

"मी बावन वर्सांचो होतंय," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो. त्या कप ठेवून आत गेल्या.

त्यानंतर ते वर्षातून तीन-चारदा यायचे. कपाट हळूहळू वाळत गेलं, दार आपोआप सैल झालं, तरी यायचे. एकोणसाठच्या चैत्रात आले तेव्हा हातात पिशवी नव्हती. चार पायऱ्या चढून दम लागला होता. सासूबाई म्हणाल्या, "मेस्त्री, आज हत्यारं विसरलात?"

"काम नाय आज. पोरीक बघूक इलंय."

त्या वर्षी नवरात्राच्या आधी ते गेले. दिवसकार्याला मी मुलुंडला गेले तर शेडमध्ये अनोळखी बायका बसलेल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणी पोटुशी, एक तर पनवेलहून आली होती. घाटकोपरची रत्नप्रभा मला तिथेच पहिल्यांदा भेटली. आम्ही चौदा जणी होतो. एकमेकींना ओळखत नव्हतो, पण दारं सगळ्यांचीच कधी ना कधी अडकली होती.

सुगंधाकाकू बाहेर आल्या आणि एवढ्या बायका बघून गोंधळल्या. "तुम्ही कोण गो सगळी?"

रत्नप्रभेनं सांगितलं की काका आमच्याकडे यायचे, रविवारी. कपाट उघडायला लावायचे, कपडे आत आहेत ना ते बघायचे, सासूशी दोन शब्द गोड बोलायचे, आणि जायचे. मग एकेकीनं आपलं गाव सांगितलं, किती वेळा आले ते सांगितलं.

सुगंधाकाकू ऐकत उभ्या होत्या. चार-पाच वर्षांतले सगळे रविवार त्या एकट्या घरात बसून होत्या.

"माका सांगल्यान नाय कधी," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "मी पण कधी इचारलंय नाय."